मिठाची वही

खैरुनबी नदाफ मीठ तळहातावर मोजतात. कुरुंदवाडच्या एका हायस्कुलात एकोणीस वर्षं त्या पोषण आहार शिजवतायत. पाचवी ते आठवीची सव्वादोनशे पोरं दुपारी त्यांच्या हातचं जेवतात, आणि एवढ्या भाताचं मीठ मोजायला त्यांनी आजवर वाटी, चमचा, माप असलं काही हातात धरलेलं नाही. मुठीनं मीठ काढायचं, तळहातावर घ्यायचं, हात जरा वरखाली करायचा, चार दाणे परत डब्यात टाकायचे आणि बाकीचं पातेल्यात सोडायचं. ते चार दाणे परत टाकण्यात काय शास्त्र आहे, हे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या धोंडुबाईंना अजून कळलेलं नाही. त्यांनी एकदा विचारून बघितलं, तर खैरुनबी म्हणाल्या, "तुला कळलं असतं तर तू डाळ करपवली नसतीस." ती डाळ करपली होती बारा वर्षांपूर्वी. खैरुनबींच्या दरबारात जुन्या गुन्ह्यांना माफी नसते.

मीठ टाकलं की मात्र चाखून बघावं लागतं. अकरा महिने त्याची काही अडचण नाही. डावात चार शितं घ्यायची, फुंकर मारायची, जिभेवर ठेवायची, झालं. बाराव्या महिन्यात, म्हणजे रमजानात, खैरुनबींचे रोजे असतात आणि सगळी पंचाईत होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हा पेच आला. मशिदीतल्या मौलानांनी सांगितलं होतं, स्वयंपाक करणाऱ्या बाईनं जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकलं तर रोजा मोडत नाही. खैरुनबींनी ते ऐकून घेतलं, पण मानलं नाही. "मौलानांनी माझी जीभ बघितलेली न्हाय," त्या म्हणाल्या. "तिला एकदा चव लागली की मन आपोआप गिळतंय." मग त्यांनी नुसत्या वासावर मीठ घालायला सुरुवात केली. सोमवारी भात अळणी झाला. मंगळवारी असा झाला की पोरांनी मधल्या सुट्टीत पाण्याची टाकी कोरडी केली आणि शेवटच्या दोन तासांना अर्धा वर्ग लघवीची परवानगी मागत उभा राहिला.

बुधवारी आठवीतला संग्राम नावाचा एक पोरगा स्वयंपाकघराच्या दारात आला. "मावशी, मी सांगतो की मीठ," तो म्हणाला. खैरुनबींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, आधी नळावर जाऊन तोंड धुऊन यायला लावलं, आणि मग डावाच्या टोकावर चार शितं दिली. त्यानं काही सांगायच्या आतच त्याची डावी भुवई वर गेली. खैरुनबींनी चिमूटभर मीठ घातलं. परत चार शितं दिली. भुवई खाली आली. अशी हायस्कुलात एक नवी पोस्ट निघाली, जिचा सरकारी कागदांत कुठंही उल्लेख नाही. तिचं नाव मीठ मॉनिटर.

वर्गाच्या मॉनिटरला फळा पुसावा लागतो आणि बोलणाऱ्यांची नावं लिहून सगळ्यांचा राग ओढवून घ्यावा लागतो. मीठ मॉनिटरला गणिताच्या तासातून उठून जाता येतं. त्यामुळं रमजान जवळ आला की आठवीत निवडणुकीचं वातावरण होतं. पण निवड खैरुनबीच करतात, आणि त्यांचे नियम कडक आहेत. सकाळपासून वेफर नाही, चिंच नाही, गोळी नाही. तोंड धुऊन यायचं. तोंडानं काही बोलायचं नाही, कारण पोरं भिडेखातर खोटं बोलतात आणि भुवया बोलत नाहीत. डावी वर गेली तर मीठ कमी, उजवी वर गेली तर जास्त. सम्राट नावाचा एक मॉनिटर चव बघता बघता दोन ताटल्या चव बघायचा, आणि वर खिशात कैरी घेऊन फिरायचा. त्याला चौथ्या दिवशी बडतर्फ केलं. त्याची आई भांडायला आली, तर खैरुनबींनी तिला त्यानं पास केलेला भात खायला दिला. बाई पाणी पिऊन निमूट घरी गेल्या.

मधली तीन-चार वर्षं रोजे उन्हाळ्याच्या सुट्टीत आले, मग करोनात शाळाच बंद होती. तेवढी वर्षं सोडली तर दरसाल एक मॉनिटर झाला. प्रत्येक मॉनिटर जाताना पुढच्याला एक जाडजूड वही देतो, कॅलेंडरचं पान घालून शिवलेली. तिच्यात काय आहे ते खैरुनबींना माहीत नव्हतं. एकदा त्यांनी मागितली, तर त्या सालची मॉनिटर पोरगी म्हणाली, "मावशी, ते आमचं हाय." खैरुनबींना वाटलं, असेल काहीतरी हजेरी-बिजेरी. त्यांचा जीव दुसऱ्याच एका वहीत होता.

ती म्हणजे चव रजिस्टर. नियम असा आहे की अन्न पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं ते चाखायचं, रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा आणि खाली सही करायची. एकोणीस वर्षांच्या रजिस्टरमध्ये वाईट शेरा एक नाही. "चव चांगली", "चव चांगली", आणि अलीकडं तर रोज "चव उत्तम". खैरुनबींचं शिक्षण चौथीपर्यंत, पण हे दोन शब्द त्या लांबूनही वाचतात. घरी पाव्हणे आले की विषय कुठूनही सुरू होवो, शेवटी रजिस्टरवर येतो. त्यांचा नवरा इमाम गाद्या भरतो. तो म्हणायचा, माझ्या गादीवर झोपून कुणी उत्तम म्हणून लिहून देत नाही, तुझं नशीब मोठं. आणि त्यातही सुख असं की उत्तम लिहिणारा माणूस परका नव्हता. पहिला मीठ मॉनिटर संग्राम शिकून त्याच हायस्कुलात भूगोलाचा शिक्षक होऊन आला होता आणि पोषण आहार त्याच्याकडंच होता. खैरुनबी चारचौघांत त्याला संग्रामसर म्हणायच्या आणि मनात संग्राम. रोज झाकलेली ताटली त्याच्यासाठी ऑफिसात जायची आणि पुसल्यासारखी रिकामी परत यायची.

या वर्षी फेब्रुवारीत रमजान सुरू झाला आणि त्याच आठवड्यात हेडसरांनी खैरुनबी आणि धोंडुबाईंना बोलावून घेतलं. कबनूरकडं एक मोठं स्वयंपाकघर सुरू झालं होतं. तिथून आसपासच्या शाळांना टेम्पोनं डबे पोचवायचं ठरत होतं. शाळेतली चूल ठेवायची की बंद करायची, ते तपासणीवर अवलंबून. गुरुवारी विस्तार अधिकारी साळोखे मॅडम येणार, जेवण बघणार, कागद बघणार आणि अहवाल देणार.

"म्हंजे चूल बंद झाली तर आमी घरी?" धोंडुबाईंनी विचारलं.

हेडसरांनी पंख्याकडं बघितलं.

"कशाला भ्यायचं?" बाहेर आल्यावर खैरुनबी म्हणाल्या. "रजिस्टर बघतील आन् जातील. एकोणीस वर्सं काय झोपा काढल्या आमी?"

गुरुवारी सकाळपासूनच त्यांचा हात चालू होता. मूगडाळीची खिचडी, त्यात कुणाच्या तरी मळ्यातली नदीकाठची कोवळी वांगी. धोंडुबाईंना त्यांनी डाळीपासून दोन हात लांब उभं केलं होतं. भात शिजत आला तशी आठवी ब मधून पूर्णिमाला हाक गेली. यंदाची मॉनिटर तीच होती, चष्मेवाली, मोजून बोलणारी, आणि भुवया अशा तेज की खैरुनबी म्हणायच्या, ही पोरगी तराजूच्या जागी बसवायला पायजे. पूर्णिमा आली, नळावर तोंड धुतलं, चार शितं घेतली. दोन्ही भुवया जागेवरच राहिल्या.

"बरोबर?" खैरुनबींनी विचारलं.

"बरोबर हाय," पूर्णिमा म्हणाली.

आवाज जरा नाकातून आल्यासारखा वाटला. शिवाय नियमाविरुद्ध ती तोंडानं बोलली होती. पण तेवढ्यात फाटकात जीप वाजली आणि खैरुनबींनी पदर सारखा केला.

साळोखे मॅडम हेडसरांच्या खोलीत बसल्या होत्या. चहा झाला होता. खैरुनबी स्वतः ताटली घेऊन गेल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. आज ती ताटली शिपायाच्या हातात द्यायचं त्यांच्या मनात आलं नाही. टेबलावर चव रजिस्टर उघडं होतं, बाजूला संग्रामसर इस्त्रीच्या शर्टात. मॅडम पानं उलटत होत्या आणि प्रत्येक पानावर उत्तम, उत्तम बघून खैरुनबींचं काळीज सुपाएवढं होत होतं.

"सर, आज वार कोणता?" मॅडमनी विचारलं.

"गुरुवार, मॅडम."

"मग हे उद्याचं, शुक्रवारचं, उत्तम कसं काय लिहिलंय?"

मॅडमनी पान उलटलं. शनिवारची चव उत्तम होती. रविवारची चव उत्तम होती. रंगपंचमीच्या सुट्टीत शाळेला कुलूप असणार होतं, पण त्या दिवशीही चव उत्तमच होती. मार्चअखेरपर्यंतचा एकही दिवस वाईट जाणार नव्हता.

"परीक्षेची ड्युटी, मतदारयादीचं काम, त्यात ऑनलाइन माहिती भरायची," संग्रामसर खाली बघून म्हणाले. "म्हणून एकदमच..."

"आणि रोज जी ताटली येते म्हणताय, ती कोण खातं?"

कोपऱ्यात उभा असलेला गणपती शिपाई एक पाऊल पुढं आला. "मी खातो, मॅडम. फेकायची कशाला म्हणून."

"चव कशी असते?"

"मला कायबी चालतंय," गणपती प्रामाणिकपणानं म्हणाला.

खैरुनबींना वाईट वाटलं. चूल जाईल याचं नव्हे, ते वाईट वाटणं नंतर आलं. आधी वाटलं ते हे, की घरी आलेल्या प्रत्येक पाव्हण्याला आपण जे सांगत आलो, ते कुणी न खाताच लिहिलेलं होतं. त्यांनी ताटली टेबलावर ठेवली. संग्रामसर शिक्षक होऊन आल्यापासून पहिल्यांदाच चारचौघांत त्यांच्या तोंडून अरेतुरे निघालं. "तोंड धुऊन येत हुतास की रं तू," त्या म्हणाल्या.

संग्रामसरांचे कान लाल झाले.

मॅडमनी रजिस्टर मिटलं. "म्हणजे इथं चव कुणीच बघत नाही. मग टेम्पोचं जेवण आलं काय आणि इथं शिजलं काय, फरक काय पडतो, हेडसर?"

हेडसर परत पंख्याकडं बघायला लागले. पंखा बंद होता.

"बघतंय की," खैरुनबी म्हणाल्या. "आमच्यात बघतंय. आठवी ब मधली पूर्णिमा बघती. बोलवा तिला. आन् तिची वहीबी आणाय सांगा."

वहीत काय आहे ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पण बुडत्या माणसानं हाताला लागेल ते धरावं तशी त्यांनी ती धरली. पूर्णिमा आली ती वही छातीशी कवटाळून. मॅडमनी हात पुढं केला, तेव्हा तिनं एकदा मावशीकडं बघितलं आणि अंगठा कापून द्यावा तसं तोंड करून वही दिली.

मॅडम पहिल्यांदा मनात वाचत होत्या. मग त्यांचे ओठ हलायला लागले. मग त्या मोठ्यानं वाचायला लागल्या.

"'मीठ कमी. सांगितलं. घातलं. बरोबर. मावशी खूश.' 'चवळी कच्ची. दातात कटकट वाजती. सांगितलं नाही, मावशी आज तापलेली हाय.' 'भाताचा गचका झालाय. भिंतीला लावला तर प्लॅस्टर होईल.' 'मीठ लई झालं. चूक माझी, मी कैरी खाल्लेली. कुणाला सांगू नका. सम्राट.' 'आज धोंडुमावशीनं डाळ केली. देवा.'"

"मी काय केलंय आता?" दारात येऊन उभ्या राहिलेल्या धोंडुबाई म्हणाल्या.

प्रत्येक रमजानाचा प्रत्येक दिवस तिथं होता. कुठं अक्षर कोंबडीच्या पायाचं, कुठं मोत्याचं. एका पानावर खैरुनबींचं चित्र होतं, हातात डाव, डोक्यातून धूर. खैरुनबी ऐकत होत्या. गचका, कच्ची, तापलेली. एकोणीस वर्षांच्या उत्तमखाली एवढं सगळं साचलेलं होतं आणि आपल्याला पत्ता नाही. लाज वाटली, रागही आला. आणि या दोन्हींच्या खालून आणखी काहीतरी वर येत होतं, ज्याला त्या क्षणी त्यांना नाव देता आलं नाही. ही पोरं खरंच खात होती.

मॅडमनी पहिलं पान उघडलं. "'बुधवार. मीठ कमी होतं. मावशीनं माझ्या तोंडाकडं बघून घातलं. मग झकास. संग्राम.'" त्यांनी वर बघितलं. "हे संग्राम म्हणजे?"

"मीच, मॅडम," संग्रामसर म्हणाले.

मॅडमनी शेवटचं पान काढलं. त्यावर आजची तारीख होती. "'आज सर्दी झालीया. कायबी चव कळली न्हाय. तरी बरोबर हाय म्हणून सांगितलं, कारण मला काढून टाकतील. मावशी माफ कर.'"

पूर्णिमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि सर्दी असल्यामुळं नाकातूनही. "शेवटचं वर्स हाय मावशी माझं," ती म्हणाली. "पुढच्या साली नववी."

मॅडमनी ताटली पुढं ओढली, चमचा बाजूला सारला आणि हातानं एक घास खाल्ला. चावला. दुसरा खाल्ला. मग रजिस्टर परत उघडलं, आजच्या रकान्यातल्या "चव उत्तम"वर रेघ मारली, वर लिहिलं, "मीठ कमी", आणि सही केली.

धोंडुबाईंनी कपाळाला हात लावला. खैरुनबींनी मात्र वाकून ते दोन शब्द वाचले. दोनदा वाचले. मग त्या सरळ झाल्या.

"अजून वाढलेलं न्हाय," त्या म्हणाल्या. "चला."

कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही, त्यामुळं सगळेच निघाले. पुढं खैरुनबी, मागं मॅडम, हेडसर, संग्रामसर, धोंडुबाई, गणपती आणि नाक पुसत पूर्णिमा. व्हरांड्यात पोरं रांगेत बसली होती आणि भुकेनं थाळ्या वाजवत होती. स्वयंपाकघरात खैरुनबींनी एका भांड्यात पाणी गरम करायला ठेवलं आणि मिठाच्या डब्यात हात घातला.

"हिचं नाक बंद हाय," त्या म्हणाल्या. "सर, तोंड धुऊन या."

भूगोलाचे शिक्षक सव्वादोनशे पोरांच्या देखत नळावर गेले आणि त्यांनी खळखळून तोंड धुतलं. थाळ्या थांबल्या. खैरुनबींनी डावावर चार शितं दिली. संग्रामसरांची डावी भुवई वर गेली, अगदी पूर्वी जायची तिथपर्यंत. तळहातावर मीठ आलं, हात वरखाली झाला, चार दाणे परत डब्यात गेले, बाकीचं गरम पाण्यात विरघळलं आणि भातावर शिंपडलं गेलं. धोंडुबाईंनी झाऱ्यानं खालवर केलं. परत चार शितं. भुवई अजूनही वरच, पण निम्मी. परत चिमूटभर. आता दोन्ही भुवया खाली आल्या आणि संग्रामसरांचे डोळे भरून आले. ते वाफेनं असतील, असं गणपतीनं नंतर सगळ्यांना सांगितलं.

मॅडमनी तिथंच उभ्या उभ्या खाल्लं. मघापेक्षा बरंच जास्त खाल्लं. मग हेडसरांना म्हणाल्या, "टेम्पोतला भात तयार होऊन येतो. त्यात मीठ कमी पडलं तर कुणी घालायचं, ड्रायव्हरनं? चूल इथंच राहू दे. मी तसंच लिहिते." आणि संग्रामसरांना म्हणाल्या, "तुमचं मार्चपर्यंतचं उत्तम खोडा. आणि रोज असंच तोंड धुऊन या, रमजान असो नसो."

त्या संध्याकाळी खैरुनबी घरी गेल्या त्या दोन गोष्टी घेऊन. एक, डब्यात पातेल्याच्या तळाची थोडी खिचडी. दुसरी, मिठाची वही. पूर्णिमाकडून त्यांनी ती एका रात्रीच्या बोलीवर मागून घेतली होती आणि बदल्यात सर्दीपायी नोकरी जाणार नाही असा शब्द दिला होता.

अजान झाली. इमामनं खजूर पुढं केला. त्यांनी रोजा सोडला, पाणी प्याल्या, आणि मग त्याला सांगितलं, "नमक कम है करके लिखके दिए." चेहऱ्यावर एवढा आनंद होता की इमामला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. एकोणीस वर्षं उत्तम ऐकलेल्या माणसाला मीठ कमी म्हणजे बक्षीस कसं, ते त्याच्या डोक्यात शिरेना. "खाके बोले ना पन," खैरुनबी म्हणाल्या. खाऊन तर म्हणाले.

मग त्यांनी डबा उघडला आणि दिवसभर ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा झाला, त्या खिचडीचा पहिला घास स्वतः घेतला. चावत राहिल्या. हळूहळू त्यांची डावी भुवई वर गेली.

नातवाच्या दप्तरातून त्यांनी पेन्सिल काढली, वहीचं शेवटचं पान उघडलं, आणि पूर्णिमाच्या माफीखाली चौथीतल्या अक्षरांत एकेक काना मात्रा जपून लिहिलं:

"अजून चिमूटभर लागत होतं. संग्रामला सांगणे. खैरुनबी."